पाचवी झालेल्या पोरीची इंग्रजीची उजळणी सुट्टीत कशी घ्यायची: आधी ग्रामरची पुस्तकं बाजूला, मग वह्या बाहेर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी सेमी इंग्लिशला, आताच पाचवी झाली, ग्रामरची तीन जाडजूड पुस्तकं आणून ठेवली आहेत, बारा टेन्सचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, पण 'माय हॉलिडे'वर पाच ओळी लिही म्हटलं की पेन्सिल चावत बसते. शब्द पाठ होतात आणि आठवड्यात उडतात. सहावीत शाळेची इंग्रजी डिबेट आहे, त्यात तिचं नाव आधीच घातलंय. घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. तर सुट्टीत उजळणी कशी घ्यायची आणि ट्यूशन लावायची का.

मी नागपुरातच प्राथमिकच्या पोरांना इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं झाली, सेमीचे, इंग्लिश मीडियमचे, मनपा शाळेचे सगळेच पोट्टे पाहिले, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, कूलरसमोर बसून वाचा.

पहिलं काम म्हणजे ती तीन पुस्तकं कपाटात ठेवा. उजळणी म्हटलं की आपण पहिल्या पानापासून सुरू करतो, नाऊन, मग प्रोनाऊन, मग ॲडजेक्टिव्ह, आणि अर्धा मे संपला तरी व्हर्बपर्यंत पोचत नाही. आणि नाऊन तर तिला तिसरीपासूनच येते! म्हणजे जे येते तेच घोटून राहिलो आणि जे येत नाही ते पुस्तकाच्या शेवटी तसंच पडून. त्यापेक्षा तिच्या यंदाच्या वह्या काढा, इंग्रजीच्या तर काढाच, पण गणित आणि ईव्हीएसच्या पण, चाचणीचे पेपर असतील तर तेही. जिथं जिथं लाल पेन लागलाय ते वाक्य एका कागदावर उतरवा. अख्ख्या वर्षाच्या वह्यांमधून चाळीसेक वाक्यं निघतील, आणि ती समोर ठेवून पाहिलं तर दिसेल की चुका चाळीस नाहीत, सहा-सातच आहेत, त्याच त्या परत परत. त्यातल्या बहुतेक मराठीतून आलेल्या असतात. पोरगी कच्ची आहे म्हणून नाही, ती मराठीत नीट विचार करते म्हणून होतात त्या. एकदा हे कळलं की उजळणी एकदम छोटी होते.

आता या चुका एकेक करून सांगते, कारण खरा माल इथेच आहे.

सगळ्यात मोठी म्हणजे अ, ॲन, द. मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही, 'मी पुस्तक आणलं' म्हटलं की झालं, कोणतं पुस्तक ते ऐकणारा समजून घेतो. त्यामुळे पोरं एकतर आर्टिकल गाळतात नाहीतर सगळीकडे 'द' टाकून मोकळी होतात, 'द माय मदर' पण मी वाचलंय. अ आणि ॲनसाठी शाळेत ए ई आय ओ यू शिकवतात आणि मग 'अवर'ला आणि 'युनिफॉर्म'ला पोरं आपटतात, कारण ते अक्षर पाहतात आणि इंग्रजी पाहते उच्चार. आपल्या पोरांकडे याचं फार सोपं औषध आहे, देवनागरी. शब्द मराठीत लिहायचा. सुरुवात स्वरानं झाली, म्हणजे अ आ इ ई उ ए ॲ ओ ऑ यातलं काही आलं, तर ॲन, व्यंजन आलं तर अ. अवर म्हणजे तास, स्पेलिंग एचपासून पण लिहितो आपण 'अवर', म्हणून ॲन अवर. युनिफॉर्म यूपासून पण लिहिताना य, म्हणून अ युनिफॉर्म. वन वे रोड ओपासून पण लिहिताना व, म्हणून अ वन वे रोड. एमएलए एमपासून पण लिहिताना ए, म्हणून ॲन एमएलए. एका जागी मात्र ही युक्ती फसते, वर्षाचा 'इयर'. तो आपण इ नं लिहितो पण इंग्रजीत त्याची सुरुवात य सारखी आहे म्हणून अ इयर, आणि कानाचा 'इअर' तो ॲन इअर. एवढा एक पाठ करून टाकायचा.

'द'साठी नियमांची यादी देऊ नका, पेपर द्या. आपल्या नागपूरचा 'हितवाद' इंग्रजीच पेपर आहे, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 ला सुरू केलेला, शेजारी कोणाकडे येत असेल तर जुना अंक मागून आणा. इंग्रजी हेडलाइनमध्ये जागा वाचवायला आर्टिकल गाळतात, 'बस हिट्स ट्री, ड्रायव्हर हर्ट' असं काहीतरी असते. पोरीनं ते पूर्ण वाक्य करून लिहायचं, 'अ बस हिट अ ट्री. द ड्रायव्हर वॉज हर्ट.' मग विचारायचं की बस कोणती ते आपल्याला माहीत होतं का? नाही, म्हणून अ. ड्रायव्हर कोणता ते माहीत आहे का? हो, त्याच बसचा, म्हणून द. रोज तीन हेडलाइन. अपघाताच्या बातम्या टाळा, खेळाच्या पानावर मस्त मिळतात.

दुसरी चूक म्हणजे आयएनजी. 'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे', 'आय ॲम नोइंग हर'. पुस्तकी मराठीत 'मी जाते' आणि 'मी जात आहे' बोलताना एकमेकांत मिसळतात म्हणून गोंधळ होतो. पण आपण नागपूरकर या बाबतीत नशीबवान आहो बाप्पा! आपल्याकडे 'करून राहिली' आहे. 'काय करून राहिली?' 'अभ्यास करून राहिली.' हे सरळसरळ 'व्हॉट आर यू डूइंग? आय ॲम स्टडिइंग' आहे, आणि 'मी रोज दूध पिते'मध्ये कोणी 'पिऊन राहिली' म्हणत नाही, म्हणून तिथं 'आय ड्रिंक'. पोरीला सांगायचं, वाक्यात 'राहिली' घालून बघ, बसलं तर आयएनजी, नाही बसलं तर नाही. 'मला माहीत आहे'मध्ये राहिली घुसतच नाही, म्हणून 'आय नो', नोइंग नाही. मराठीच्या बाई 'करून राहिली'ला टोकतात, टोकू द्या, त्यांच्या वहीत लिहू नका, पण इंग्रजी शिकायला ते सोन्यासारखं आहे.

तिसरं, ही-शी-इटचा एस. मराठीत क्रियापद प्रत्येकासोबत बदलते, जातो, जातोस, जाते, जातात, आणि इंग्रजीत जवळपास बदलतच नाही, फक्त एका जागी एस लागतो, म्हणून तो एस विसरायला एकदम सोपा. यासाठी रिकाम्या जागा भरून घेऊ नका. एक दिवस तिनं तुमच्यावर कॉमेंट्री करायची, तुम्ही रोज काय करता त्यावर, 'माय मदर गेट्स अप ॲट सिक्स. शी मेक्स टी. शी फिल्स द कूलर.' दुसऱ्या दिवशी बाबांवर, तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्यावर. आणि डज किंवा डिड आलं की मागचा शब्द साधा होतो, 'डिड यू वेंट' नाही 'डिड यू गो', कारण भूतकाळाचा भार डिडनं उचलला आहे, गो ला परत उचलायची गरज नाही.

सिन्स आणि फॉर. मराठीत दोन्हीला 'पासून', म्हणून 'सिन्स टू इयर्स' होते. मनात विचारायचं: उत्तर 'किती वेळ'चं आहे की 'कधीपासून'चं? दोन वर्षं, तीन तास, बराच वेळ म्हणजे फॉर. सोमवारपासून, 2023 पासून, सकाळपासून म्हणजे सिन्स. पाचवी-सहावीला एवढं पुरे, हॅव बीनची सगळी वंशावळ आत्ता नको.

मग त्याची-तिचा. ही चूक टीचरच्या पण लक्षात येत नाही कधीकधी. पोरगी लिहिते 'राहुल अँड हर सिस्टर'. काहून? कारण 'त्याची बहीण'मधली 'ची' तिला बाईमाणूस वाटते. तिला सांगायचं, पुढचं 'त्या' किंवा 'ति' तेवढं पाहा, मागचं चा-ची-चे झाकून टाक. त्या असेल तर हिज, ति असेल तर हर, बहीण असो की भाऊ असो की सायकल असो.

आणि यस-नो. 'डिडन्ट यू ईट?' विचारलं की आपली पोरं म्हणतात 'यस, आय डिडन्ट', कारण मराठीत 'जेवली नाही का?' 'हो, नाही जेवली' हे बरोबर आहे, आपण प्रश्नाला हो म्हणतो. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारा, जेवली असेल तर यस आय डिड, नसेल तर नो आय डिडन्ट. हे लिहून होत नाही, जेवताना दोन मिनिटं उलटसुलट विचारत बसा, हसतात पोरं आणि शिकतात.

किरकोळमध्ये 'रेन इज फॉलिंग' (इट इज रेनिंग), 'क्लोज द लाइट' (स्विच ऑफ द लाइट), 'आय गेव्ह द एक्झाम' (टुक द एक्झाम), 'व्हाय यू आर क्रायिंग' (व्हाय आर यू क्रायिंग). यातलं जे तुमच्या कागदावर आहे तेवढंच घ्या. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट सध्या सोडून द्या.

आठवड्याला एकच चूक धरायची. त्या चुकीची तिनं स्वतःची आठ-दहा वाक्यं करायची, तिच्या घरातली, तिच्या गल्लीतली. पुस्तकातल्या जॉनला लंडनला पाठवू नका. आणि त्या आठवड्यात बाकी चुका दिसल्या तरी गप्प बसायचं, हे आयांना सगळ्यात जड जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. ग्रामर, व्होकॅब्युलरी, रायटिंग, डिबेट यांचे चार वेगळे तास लावू नका. आठवड्याला एक विषय घ्या आणि तोच विषय चारही वेळा फिरवा. समजा विषय कूलर आणि एसी. सोमवारी शब्द गोळा, मंगळवारी तुलना करणारी वाक्यं, इथे 'मोअर चीपर'ची चूक आपोआप सापडते आणि 'चीपर दॅन' पक्कं होते, बुधवार-गुरुवारी परिच्छेद, शुक्रवारी घरात डिबेट की कूलर बरा की एसी. शनिवारी सुट्टी, खरी सुट्टी. एकच शब्द चार दिवस चार कामांना वापरला गेला की तो डोक्यात बसते, वेगळं पाठांतर लागत नाही. मारबत, तान्हा पोळा, मेट्रो, गोरेवाड्याचं झू, संत्री, आजीचं गाव, विषयांचा तोटा नाही.

शब्दांचं बघा. रोज दहा शब्द आणि समोर मराठी अर्थ ही पद्धत बंद करा, उडणारच ते. हरमन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 लाच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त वेगानं विसरते. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्याभरानं अशी घ्यायची, रविवारी एकदम सत्तर शब्द नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा, एका बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. अर्थ मराठीत लिहायची मनाई नाही, पण वाक्य पाहिजेच. आलेलं कार्ड पुढच्या उजळणीच्या डब्यात, न आलेलं परत उद्याच्या डब्यात.

कोणते शब्द? लोकं इथे चुकतात आणि 'एन्थुझिॲस्टिक' वगैरे पाठ करून घेतात. एडवर्ड डॉल्च म्हणून एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होता, त्यानं 1936 ला लहान पोरांच्या वाचनात सतत येणाऱ्या 220 शब्दांची यादी काढली, त्यात एकही नाव म्हणजे नाऊन नाही, सगळे अगेन, ऑल्वेज, अराउंड, बिकॉज, बिफोर, देअर, व्हिच, वुड असले. नेटवर सहज मिळते. आधी ही यादी तिच्याकडून वाचून घ्या आणि डिक्टेशन घ्या, पाचवीच्या पोरांना वाचता येतात सगळे पण लिहिताना 'व्हिच' आणि 'देअर'ला गडबडतात, आणि ही गडबड प्रत्येक परिच्छेदात दिसते कारण हे शब्द टाळताच येत नाहीत. ते झालं की मग पुढचे.

शब्द एकटा शिकवू नका, जोडीनं शिकवा. मराठीत आंघोळ करतो, अभ्यास करतो, चूक करतो, आवाज करतो, सगळं 'करतो'. इंग्रजीत टेक अ बाथ, डू होमवर्क, मेक अ मिस्टेक, मेक अ नॉइज. म्हणून कार्डावर नुसतं 'मिस्टेक' नाही, 'मेक अ मिस्टेक'. आणि एका शब्दाचं अख्खं कुटुंब घ्यायचं, हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस, मग केअर, केअरफुल, केअरलेस तिचं तीच करते. ही असली कसरत पोरींना फार आवडते.

सेमीच्या पोरीसाठी अजून एक. सहावीत गणित आणि सायन्स इंग्रजीतून आहे, तर त्या पुस्तकांच्या स्वाध्यायातले हुकूम आत्ताच शिकवा: एक्स्प्लेन, डिस्क्राइब, कंपेअर, गिव्ह रीझन्स, फाइंड द व्हॅल्यू. उत्तर येत असतं पण प्रश्नानं काय मागितलं ते कळत नाही म्हणून मार्क जातात, हे मी दरवर्षी बघते.

वाचन रोज दहा मिनिटं, मोठ्यानं. पुस्तक एक वर्ग खालचं घ्या. ई-बालभारतीच्या साइटवर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, चौथीचं इंग्रजी उतरवा, इंग्लिश मीडियमचं तिसरीचं पण चालते. पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक अजून जड आहे, बाजूला ठेवा. पोरीला कमीपणा वाटला तर सांगा की ती छोट्या भावाला वाचून दाखवून राहिली. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, तुमचं काम फक्त ऐकणं आणि ती कुठे अडखळली तिथं पेन्सिलची टिंब ठेवणं. उच्चारासाठी मोबाइलच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबता येते. आणि मेट्रोत बसलात तर घोषणा ऐकायला लावा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत असते, एकच गोष्ट तीनदा ऐकू येते आणि 'ऑन द लेफ्ट'मधला ऑन कानात बसते. सीताबर्डी इंटरचेंजला उतरून दुसरी लाइन पकडली तर दुपटीनं ऐकायला मिळते.

आता रायटिंग, जिथं ती पेन्सिल चावते. ती आळशी नाही हो, तिला एकाच वेळी काय लिहू, इंग्रजीत कसं म्हणू आणि स्पेलिंग काय अशी तीन कामं पडतात. तिन्ही वेगळी करा. आधी मराठीत बोलू द्या, दोन मिनिटं, मनसोक्त. मग तुम्ही प्रश्न विचारा, मराठीतच, कोण होतं, काय खाल्लं, काय सांडलं, कोण रडलं. मग तीच गोष्ट ती इंग्रजीत तोंडी सांगेल, मोडकीतोडकी चालेल, शब्द अडला तर मराठी शब्द तसाच घुसवायचा आणि पुढे जायचं. मग लिहायचं. मराठी परिच्छेद लिहून त्याचं ओळीनं भाषांतर मात्र करायचं नाही, नाहीतर 'रेन इज फॉलिंग' परत येते.

प्रश्न विचारणं काहून महत्त्वाचं ते सांगते. नागपूरच्या प्रत्येक पोराचा फुटाळ्यावरचा परिच्छेद एकच असतो: 'आय वेंट टू फुटाळा लेक. इट वॉज व्हेरी नाइस. वी एन्जॉइड अ लॉट.' ग्रामर बरोबर आहे आणि वाचण्यासारखं काहीच नाही. तिथं विचारा, नाइस म्हणजे काय झालं? मग निघते की भावाचा भुट्टा पाण्यात पडला आणि तो त्याच्यामागे उडी मारायला निघाला. 'माय ब्रदर्स भुट्टा फेल इनटू द लेक अँड ही वॉन्टेड टू जंप आफ्टर इट.' हे एक वाक्य त्या तीन ओळींपेक्षा भारी. व्हेरी नाइस आणि एन्जॉइड अ लॉट हे दोन शब्द सुट्टीभर बंद, दंड ठेवा वाटलं तर.

दुसरं काम वाक्यं जोडायचं. पोरं एकतर तीन शब्दांची वाक्यं लिहितात नाहीतर अँड अँड अँड करत पान भरतात. बिकॉज, बट, सो, व्हेन, एवढे चार पुरेत. दोन सुटी वाक्यं द्या, 'द लाइट वेंट ऑफ. वी स्लेप्ट ऑन द टेरेस.' आणि ती चारही शब्दांनी जोडून बघायची, कुठे अर्थ लागतो, कुठे उलटा होतो, कुठे लागतच नाही. 'वी स्लेप्ट ऑन द टेरेस बिकॉज द लाइट वेंट ऑफ', 'द लाइट वेंट ऑफ, सो वी स्लेप्ट ऑन द टेरेस'. हा खेळ रोज पाच मिनिटं केला तर महिन्याभरात लिहिण्याचा पोत बदलते, कोणत्याही निबंधाच्या पुस्तकानं बदलत नाही.

तपासताना तुमचा पेन दोनच गोष्टींना लागला पाहिजे, त्या आठवड्याची चूक, आणि फुलस्टॉप-कॅपिटल. बाकी सोडा. पान लाल झालं की पोरगी पुढच्या वेळी सोपी, सुरक्षित वाक्यं लिहायला लागते, मग परत व्हेरी नाइस. फुलस्टॉपसाठी तिलाच मोठ्यानं वाचायला लावा, जिथं आवाज खाली टेकतो तिथं टिंब पाहिजे. मग तिनं तोच परिच्छेद परत लिहायचा, नवीन नाही. दुसरा खर्डा हीच खरी उजळणी आहे, आणि शाळेत याला कधीच वेळ नसतो. पत्राचा फॉरमॅट, कुठे तारीख, कुठे सही, ते एका दुपारचं काम आहे, त्यावर आठवडा घालवू नका.

डिबेट. आपल्या शाळांमध्ये डिबेट म्हणतात पण होते वक्तृत्व, म्हणजे कोणीतरी मोठ्यानं लिहून दिलेलं पान पाठ करायचं, हातवारे करायचे, मधली ओळ विसरली की डोळ्यात पाणी. तुम्ही भाषण लिहून देऊ नका. तीन गोष्टी शिकवा: माझं म्हणणं काय, कारण काय, उदाहरण काय. 'समर स्कूल शुड बी इन द मॉर्निंग. आफ्टरनून्स आर टू हॉट. लास्ट इयर माय फ्रेंड फेंटेड इन द बस.' तीन वाक्यांत मुद्दा संपला. असे तीन मुद्दे म्हणजे दीड-दोन मिनिटं भरतात, याहून जास्त सहावीला कोणी मागत नाही. हातात छोटं कार्ड, त्यावर सहा-सात शब्द, वाक्य एकही नाही.

पहिल्या दिवशी डिबेट मराठीतच होऊ द्या, हे मी मुद्दाम सांगते. वाद घालायची बुद्धी आणि इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एकदम मागितल्या की पोरगी दोन्हीत पडते. घरात बाबा विरुद्ध बाजू घेतील. दुसऱ्या दिवशी तोच वाद इंग्रजीत. आणि तिसऱ्या दिवशी बाजू बदला, ती आता म्हणेल की शाळा दुपारचीच बरी. हे पोरांना सुरुवातीला खोटं बोलल्यासारखं वाटते पण समोरच्याचे मुद्दे आधीच कळायला दुसरा उपाय नाही.

उत्तर देताना समोरच्याचं म्हणणं आधी एका वाक्यात परत म्हणायचं, मग खोडायचं. 'माय फ्रेंड सेड दॅट मॉर्निंग स्कूल मेक्स अस स्लीपी. बट वी कॅन स्लीप अर्ली.' त्यासाठी चार-पाच तयार तुकडे जिभेवर बसवून ठेवा: आय अग्री दॅट, आय डिसअग्री बिकॉज, माय फ्रेंड सेड दॅट, धिस इज ट्रू बट, फॉर एक्झाम्पल. तुकडा बोलताबोलता डोक्याला पुढचं वाक्य जुळवायला दोन सेकंद मिळतात. 'आय ॲम अग्री' होऊ देऊ नका, ती आपल्याकडची ठरलेली चूक आहे, 'सहमत आहे'मधला 'आहे' तिथं डोकावते. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आपल्या विधान भवनात असते, तेव्हा टीव्हीवर कामकाज दाखवतात ते दहा मिनिटं सोबत बसून बघा, सदस्य समोरच्याशी न बोलता 'अध्यक्ष महोदय' म्हणून अध्यक्षांशी बोलतात ते तिला दाखवा, डिबेटमध्येही तसंच असते, जजेसकडे आणि अध्यक्षांकडे बघून बोलायचं, विरोधी पोराशी भांडायचं नाही. गोंधळ सुरू झाला की चॅनल बदला. डिबेट त्याच्या आधी असेल तर जुनी क्लिप बघा.

वेळेचं म्हणाल तर सकाळी ऊन चढायच्या आत चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी गच्चीवर दहा मिनिटं तोंडी, यापेक्षा जास्त नको. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे तशाही बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे हातात आठवडे भरपूर आहेत, आठवड्याला एक चूक आणि एक विषय धरला तरी कागदावरच्या सगळ्या सहा-सात चुका निघून जातात. पुढे शिष्यवृत्तीचा विचार असेल तर पेपर दोनमध्ये इंग्रजी तृतीय भाषेचे 25 प्रश्न 50 मार्कांना असतात, सगळे पर्यायवाले, त्याची वेगळी तयारी शेवटच्या दोन महिन्यात होते, त्याच्यासाठी आत्तापासून एमसीक्यूचे गठ्ठे सोडवत बसू नका, त्यानं पाच ओळी लिहिता येत नाहीत.

ट्यूशन. ग्रामरसाठी लावू नका, वरचं सगळं घरी होते. बोलायला सोबत नाही म्हणून लावायची असेल तर चार-पाच पोरांचा छोटा ग्रुप बघा, वीस-पंचवीसचा नाही, एका तासात तिचा नंबर एकदा तरी यायला पाहिजे. जाताना तिची वही आणि तो चुकांचा कागद सोबत न्या. सर किंवा मॅडमनी तो वाचून एखादा प्रश्न पोरीलाच विचारला तर बोलणी पुढे न्या, आणि कागद बाजूला सारून छापील निबंधांचा गठ्ठा पुढे केला तर पाणी पिऊन घरी या. किंवा सोसायटीतल्याच तिच्या वयाच्या दोन-तीन पोरी जमवा, आठवड्याला एकीच्या घरी शुक्रवारची डिबेट ठेवा, ज्या घरी डिबेट त्या घरचा रसना. पैसे वाचतील आणि पोरी जास्त बोलतील.